रिकाम्या जागेचें मोल

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं माणूस वीट, चुना, लांकूड आणि गवंडी ह्यांच्याशीं वर्ष-दोन वर्षें झगडून घर उभें करीत असे, आणि एकदां तें उभें राहिलें म्हणजे त्याची दगदग संपत असे. आजकाल शहरांत घर कोणी बांधीत नाहीं. बांधलेलें विकत घेतात. कागदोपत्रीं त्यास ‘सदनिका’ असें गोंडस नांव असतें, बोलण्यांत फ्लॅट म्हणतात, आणि आमच्या वयाचे लोक सवयीनें अजून ब्लॉक म्हणतात. नांव कोणतेंहि घ्या. किल्ली हातीं पडते तेव्हां चार पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि बँकेचा वीस वर्षांचा हप्ता एवढें एका दमांत पदरांत पडतें. म्हणीचा खरा अनुभव तेथून पुढें सुरू होतो. कारण घेतलेलें घर लावावें लागतें, आणि तें लावण्यासाठीं लागणारा पैसा घर घेण्यांतच संपलेला असतो.

आमचें घर पुण्याच्या नैर्ऋत्येस, टेकड्यांच्या बाजूला, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आहे. क्षेत्रफळ ६४० चौरस फूट. खोल्या तीन आणि एक स्वयंपाकघर. राहणारीं माणसें पांच : आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षांची नात. पेठेंतील भाड्याचा वाडा पडावयास आला तेव्हां सर्वांनीं एकत्रच राहावयाचें असें ठरवून हें घर घेतलें. भाव चौरस फुटास ९,००० रुपये पडला. सर्व देणीं देऊन झाल्यावर चिरंजीवांच्या हातीं साठ हजार रुपये शिल्लक राहिले. त्या साठ हजारांत घर लावावयाचें होतें.

सजावटीचा धंदा करणारे एक गृहस्थ कोणाच्या तरी ओळखीनें घरीं आले. माणूस सभ्य होता आणि आपल्या कामांत हुशारहि असावा. त्यांनीं संगणकाच्या पडद्यावर आमचेंच घर आम्हांस असें दाखविलें कीं, क्षणभर आपण कोणा परक्या श्रीमंताच्या दिवाणखान्यांत चुकून शिरलों आहों असें वाटावें. छताखालीं दुसरें खोटें छत, त्यांत लपविलेले दिवे, दूरदर्शन-संचाभोंवतीं गणपतीला करावें तसें लांकडी मखर, भिंतीस चिकटविलेला दगडाच्या रंगाचा कागद, आणि बैठकीच्या खोलीची निम्मी जमीन व्यापणारा कोच. त्या चित्रांत एकहि माणूस नव्हता आणि एकहि वाळत घातलेलें वस्त्र नव्हतें. अंदाज निघाला ४,६०,००० रुपयांचा. साठ हजार आमच्यापाशीं होतेच. उरलेल्या चार लाखांचें कर्ज सहज मिळेल, असेंहि त्यांनीं आपण होऊन सांगितलें.

त्या रात्रीं मीं कागद-पेन्सिल घेतली. सालीना बारा टक्के व्याजानें पांच वर्षांत फेडावयाचें चार लाखांचें कर्ज म्हणजे महिना सुमारें ८,९०० रुपयांचा हप्ता. आणि साठ हप्त्यांची बेरीज ५,३४,००० रुपये. म्हणजे खोट्या छताखालीं बसण्याचें व्याजच मुळीं एक लाख चौतीस हजार! घराचा मूळ हप्ता आधींच चालू. हा दुसरा त्यावर चढला असता तर चिरंजीवांना रात्रपाळी पत्करावी लागली असती, नातीच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागली असती, आणि आम्हां वृद्धांच्या औषधांचा खर्च घरांत कोणी तोंडानें न बोलतांहि जड वाटूं लागला असता. एकत्र कुटुंबें भांडणांनीं मोडतात असें म्हणतात. माझ्या पाहण्यांत तीं हिशेबानें अधिक मोडलीं आहेत. भांडण मागाहून येतें.

हा हिशेब मीं सकाळीं मांडला. चिरंजीव गप्प बसले. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुमचें म्हणणें खरें आहे. पण लोक घरांत येतात तेव्हां हप्ते पाहत नाहींत, भिंती पाहतात.”

ह्या वाक्याच्या मागें काय होतें तें मला ठाऊक होतें. वास्तुशांतीच्या दिवशीं नात्यांतील एका बाईंनीं सर्व खोल्या फिरून पाहून, “सामान अजून यायचें आहे वाटतें?” असें हंसत हंसत विचारलें होतें. सामान सगळें आलेलें होतें. सकाळीं सातास घर सोडून संध्याकाळीं साडेसातास परतणारी, घराच्या हप्त्याचा निम्मा भार उचलणारी ही मुलगी तो प्रश्न ऐकून स्वयंपाकघरांत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाहीं. तेव्हां तिच्या म्हणण्यास ‘चैन’ म्हणून वाटेस लावणें न्यायाचें झालें नसतें. घर नीटनेटकें, शोभिवंत असावें, आल्यागेल्यानें तें पाहून प्रसन्न व्हावें, ही इच्छा कांहीं आजची नव्हे. प्रश्न एवढाच होता कीं, शोभा म्हणजे काय, आणि ती कोठून आणावयाची.

शिकविणें हा माझा जन्माचा धंदा असल्यामुळें अडल्या वेळीं जुन्या ग्रंथांकडे वळण्याची खोड मला आहे. वात्स्यायनाच्या एका ग्रंथाचें नांव कुटुंबांत मोठ्यानें घेण्याचा प्रघात नाहीं. परंतु त्याच्या पहिल्या अधिकरणांतील चवथा अध्याय निःशंकपणें कोणींहि वाचावा असा आहे. त्यांत सुखवस्तु नागरिकाच्या राहण्याच्या खोलीचें वर्णन आलें आहे. शुभ्र चादर घातलेली मऊ शय्या, जवळ दुसरें लहान बिछान्याचें आसन, उशाशीं एक चौथरा व त्यावर गंध, माळा, विडा असें किरकोळ साहित्य, जमिनीवर पिकदाणी, खुंटीला अडकविलेली वीणा, चित्र काढण्याचा फलक, रंगाच्या कांड्यांची पेटी, एखादें पुस्तक, फुलांच्या माळा, खालीं लोडासह एक बैठक आणि सोंगट्यांचा पट. खोलीबाहेर पक्ष्यांचे पिंजरे, आणि बागेंत सावलीला टांगलेला झोका. संपली यादी! हें गरिबाचें घर नव्हे. पैसा कोठें खर्चावा असा ज्यास प्रश्न पडलेला असतो त्याचें आहे. तरी खोलींत वस्तू मोजून पंधरा-वीस, आणि त्यांतील बहुतेक हातांत घेऊन वापरावयाच्या.

आतां दुसरें घर पाहा. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील चारुदत्त दानधर्मापायीं निर्धन झालेला. तिसऱ्या अंकांत शर्विलक नांवाचा चोर त्याच्या घराला खिंड पाडतो. (हा चोर जातीनें ब्राह्मण, मापाची दोरी घरीं विसरल्यामुळें जानव्यानें भिंत मोजतो आणि भोंक कमळाच्या आकाराचें पाडावें कीं पूर्णकुंभाच्या, ह्याचा विचार करीत बसतो. भिंत सजविण्याचा ह्याहून स्वस्त प्रकार मला ठाऊक नाहीं.) आंत शिरून पाहतो तों मृदंग, पणव, वीणा, बांसऱ्या आणि पुस्तकें. हें नृत्य शिकविणाऱ्या आचार्याचें घर कीं काय, अशी त्याला शंका येते. मग, हा मनुष्य खरोखरच दरिद्री आहे कीं राजाच्या वा चोराच्या भयानें यानें धन जमिनींत पुरलें आहे, हें पाहण्याकरितां तो मंतरलेलें बीज टाकतो. बीज फुगत नाहीं. दारिद्र्याची खात्री पटून तो निघावयास लागतो.

हीं दोन वर्णनें आजवर मीं निरनिराळीं अनेकदां वाचलीं होतीं. शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याचा प्रसंग ह्या घरानें आणला. एक घर धनवंताचें, दुसरें सर्वस्व गेलेल्याचें. आणि दोहोंतहि वीणा आहे, पुस्तक आहे. संपत्ति गेली तेव्हां चारुदत्ताच्या घरांतून जें जावयाचें तें गेलें, आणि माणसाच्या हाताशीं, कानाशीं, डोळ्यांशीं ज्यांचें नातें जडलें होतें त्या वस्तू मागें राहिल्या. त्यांवरून एका परक्या चोरालाहि त्या घरांत कोणत्या प्रकारचीं माणसें राहतात हें कळलें. घराच्या शोभेनें ह्याहून अधिक काय करावयाचें असतें?

पण जुन्या ग्रंथांवरून आजची बैठकीची खोली लागत नाहीं, हेंहि खरें. आमच्या वाड्यांत सामान कमी दिसे त्याचें कारण त्या पिढीचें वैराग्य नव्हे. भिंती हें कारण. त्या दीड-दोन फूट जाड असत. त्यांच्या पोटांत कोनाडे, देवळ्या, फडताळें सामावत आणि वर खुंट्यांची रांग असे. अंथरुणें सकाळीं वळकटी होऊन कोपऱ्यांत जात, जेवण झालें कीं पाट भिंतीस टेकत. एकच खोली रात्रीं निजावयाची, सकाळीं शिकवणीची आणि दुपारीं पापड लाटण्याची होई. नव्या घराच्या आंतल्या भिंती चार-सहा इंचांच्या. त्यांत कोनाडा कोरूं म्हणाल तर शेजारच्या खोलींत उतराल. म्हणून जें भिंतीच्या पोटांत असे तें कपाट होऊन जमिनीवर आलें, पलंगानें कायमचें ठाण मांडलें, आणि माणसांनीं मधल्या फटींतून वावरावें अशी स्थिति झाली.

येथें माझें गणित पुन्हां उपयोगीं पडलें. फुटास ९,००० रुपये भाव देऊन घेतलेल्या जमिनीवर आपण एखादी वस्तु ठेवतों तेव्हां तिची किंमत दुकानांत दिलेल्या पैशांवर संपत नाहीं. सहा फूट लांब व तीन फूट रुंद दिवाण १८ चौरस फूट जागा अडवितो. म्हणजे १,६२,००० रुपयांच्या जमिनीवर तो निजलेला असतो. कोपऱ्यांत केवळ ‘बरें दिसतें’ म्हणून ठेवावयाचें दोन फुटी मेज ३६,००० रुपयांच्या जागेवर उभें राहतें आणि त्यावर प्लास्टिकचीं फुलें ठेवतात. उलट, मोकळी राहिलेली जमीन ही आपण आधींच पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तु आहे. घरांतील सर्वांत महाग वस्तु तीच. ती झांकण्यासाठीं पुन्हां कर्ज काढावयाचें, हा व्यवहार मला तरी समजेना. सूनबाई हिशेबाच्या कचेरींत काम करते. तिनें तो कागद माझ्या हातांतून घेतला, आंकडे पुन्हां तपासले, आणि “कर्ज नको” असें तीच प्रथम म्हणाली.

मग आम्हीं एक गंमत केली. वाड्यांतून आणलेल्या प्रत्येक वस्तूस तिच्या जागेचें ‘भाडें’ विचारलें. वडिलांचें सागवानी कपाट तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल. भाडें ४०,५०० – नातीनें गुणाकार करून सांगितलें. कपाटांत पांच माणसांचे कपडे सामावतात, आणि सागाच्या अंगच्या तेलामुळें त्यास वाळवी लागत नाहीं. तें राहिलें. कांचेचें दर्शनी कपाट, त्यांतील बाहुल्या, समारंभांतून मिळालेलीं मानचिन्हें (त्यांत माझीं अकरा होतीं) ह्यांस भाडें देतां येईना. कपाट विकलें. मानचिन्हें एका पेटींत गेलीं. गेलीं तीं कोणाला आठवलींहि नाहींत. जुना जड पलंग मोडला आणि त्याच्या फळ्यांनीं आम्हांस फार मोठा उपकार केला. फ्लॅटच्या दारा-खिडक्यांची वरची कड जमिनीपासून साधारणपणें सात फुटांवर असते आणि छत साडेनऊ-दहा फुटांवर. मधली अडीच फुटांची उंची सर्व घरांत वायां जाते. बैठकीच्या खोलीच्या तीन भिंतींवर ह्या उंचीवर दहा इंच रुंदीची फळी एकसारखी फिरविली. तिजवर माझीं पुस्तकें बसलीं, देवपूजेचीं मोठीं भांडीं बसलीं, आणि जमिनीचा एक तसूहि गेला नाहीं. पुस्तकें काढावयास स्टूल लागतें हें खरें. परंतु रोज लागणारीं पुस्तकें माणसाजवळ पांच-सातच असतात, आणि तीं उशाशीं राहतात.

कपाटाचा रंग म्हणजे पन्नास वर्षांच्या धुराचा थर. तो पॉलिश पेपरनें घांसून काढला. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते स्पिरिटमध्यें रात्रभर भिजवून विरघळवावे आणि सुती बोळ्यानें पातळ हात सात-आठ वेळां द्यावे. एक हात वाळल्यावांचून दुसरा देऊं नये, आणि पावसाळ्यांत हें काम करूं नये. हवेंतील ओल बसून पांढुरका चट्टा पडतो. काम चिरंजीवांनीं आणि मीं दोन रविवारांत केलें. लांकडाच्या आंतल्या रेषा जसजशा वर येऊं लागल्या, तसतशी नात, “आजोबा, हें कपाट आधीं आजारी होतें का?” म्हणून विचारूं लागली.

रंगाविषयीं फार लिहीत नाहीं. छत शुभ्र आणि भिंती ताकाच्या रंगाच्या केल्या. पांढरा रंग पडलेल्या उजेडाचा बहुतेक भाग परत फेकतो, गडद रंग तो पिऊन टाकतो. लहान खोलीला उधळपट्टीचा हा एक प्रकारहि परवडत नाहीं. दिव्यांविषयीं मात्र लिहिलें पाहिजे, कारण इतक्या थोड्या पैशांत इतका पालट दुसऱ्या कशानें होत नाहीं. छताच्या मध्यभागीं एकच पांढराशुभ्र भगभगीत दिवा लावण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. त्याखालीं माणसांचीं तोंडें दवाखान्यांत बसल्यासारखीं दिसतात. हल्लींच्या एल्. ई. डी. दिव्यांच्या खोक्यावर केल्विनचा आंकडा छापलेला असतो. ६,५०० असेल तर उजेड निळसर पांढरा, २,७०० असेल तर जुन्या तारेच्या दिव्यासारखा पिंवळसर. पूर्वीं ६० वॅटच्या दिव्यानें जेवढा उजेड पडे तेवढा आतां ९ वॅटच्या दिव्यानें पडतो. आम्हीं वाचण्याच्या जागीं, देवाजवळ आणि कोपऱ्यांत असे तीन पिंवळसर दिवे माणूस बसल्यावर त्याच्या डोक्याच्या जरासे वर येतील असे लावले. मधला दिवा आतां केवळ हरवलेली सुई शोधण्यापुरता लागतो.

आमच्या सौभाग्यवतींच्या ताब्यांत पितळेची एक पेटी होती : घंगाळ, तपेलें, दोन समया, पानाचा डबा, मोराचा अडकित्ता. सूनबाईचें म्हणणें, हें सर्व मांडलें तर घराचें वस्तुसंग्रहालय होईल. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “होऊं दे कीं. लोक तिकीट काढून बघायला जातात.” ह्यांत त्यांचें अगदींच चुकत नव्हतें. पुण्यांत दिनकर केळकर ह्यांनीं – ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें ते कविता लिहीत – जन्मभर गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, झारे, दरवाजे असल्या घरगुती वस्तू जमविल्या आणि लहानपणींच गेलेल्या आपल्या मुलाच्या नांवें, म्हणजे ‘राजा’च्या नांवें, त्यांचें संग्रहालय केलें. १९६२ सालीं तो सर्व संग्रह त्यांनीं सरकारच्या स्वाधीन केला. तेथील अडकित्ते पाहिले म्हणजे सुपारी कातरण्यासारख्या क्षुल्लक कामासाठीं कारागिरानें केवढें मन ओतलें आहे हें दिसून थक्क व्हावें लागतें. परंतु सूनबाईचेंहि म्हणणें खरें होतें. संग्रहालयांत कोणी राहत नाहीं. तडजोड अशी झाली कीं, जी वस्तु वापरांत येईल तीच बाहेर राहावी. घंगाळांत पाणी घालून फुलें सोडतात, तपेल्यांत दाराजवळच्या छत्र्या राहतात, समई संध्याकाळीं लागते. अडकित्ता पेटींत गेला, कारण आतां घरांत सुपारी कोणी खात नाहीं. चिंचेनें घांसण्याचें काम नातीकडे आहे. चिंचेच्या आंबटानें पितळेवरील काळा थर विरघळतो, हें तिला कोणत्याहि पुस्तकाहून लवकर कळलें.

पडद्यांच्या प्रकरणीं मात्र घरांत खरी ठिणगी पडली. माझ्या आईचीं तीन सुती इरकली लुगडीं सौभाग्यवतींनीं जपून ठेवलीं होतीं. नऊवार लुगडें सत्तावीस फूट लांब. त्यांत साडेसात फुटांचे तीन पडदे निघून साडेचार फूट उरतात. पडदा दांडीच्या दीडपट ते दुप्पट रुंद असला तरच त्यास चुण्या पडतात. चार फुटांच्या खिडकीस दोन पाट पुरेसे होतात, आणि कांठ दोन्ही कडांनीं सरळ खालीं उतरतो. (रेशमी वस्त्राचे पडदे कोणीं करूं नयेत. उन्हानें रेशीम थोड्याच वर्षांत विरतें. सुताला आंतून पांढरें अस्तर लावलें म्हणजे तें पुष्कळ टिकतें.) सौभाग्यवतींनीं लुगडीं बाहेर काढलीं, मापें झालीं, आणि कात्री हातीं घ्यावयाची तों सूनबाई हळूच म्हणाली, “आई, पडदे आजेसासूबाईंच्या लुगड्यांचे, कपाट आजेसासऱ्यांचें, भांडीं तुमचीं, पुस्तकें बाबांचीं. ह्या घरांत माझें काय?”

कोणी कांहीं बोललें नाहीं. मलाहि त्या वेळीं एकहि संस्कृत ग्रंथ आठवला नाहीं. जुन्या वस्तूंनीं घर सजविण्याचा उपदेश करणारे लोक – आणि त्यांत मी अग्रेसर – एक गोष्ट डोळ्यांआड करतात : त्या वस्तू बहुधा एकाच बाजूच्या असतात. घरांत आलेल्या मुलीनें दुसऱ्यांच्या आठवणी रोज पुसून लख्ख ठेवावयाच्या, आणि तिच्या आठवणींना माळ्यावरहि जागा नसावी! बाजारांतून आणलेल्या नव्या सामानाची तिला ओढ वाटत होती, तिचें एक कारण आतां माझ्या लक्षांत आलें. नवें सामान निदान कोणाच्या सासूचें नसतें.

सौभाग्यवतींनीं कात्री खालीं ठेविली. त्या म्हणाल्या, “अगं, ही पश्चिमेची भिंत तुझी. तिच्यावर आमच्यापैकीं कोणी खिळासुद्धां मारणार नाहीं. तुला हवें तें लाव, हवें तेव्हां लाव. आणि पडदे तुला नको असतील तर लुगडीं परत पेटींत ठेवतें.” सूनबाईनें थोडा विचार केला आणि पडदे होऊं दिले. ते होऊं देण्यांत केवळ मन मोडण्याचा संकोच नव्हता, असें मला वाटतें. दारांवर ते लागले तेव्हां कांठाची घडी तिनेंच दोनदां उसवून सरळ करून घेतली.

पश्चिमेची भिंत म्हणजे बैठकीच्या खोलींतील सर्वांत मोठी भिंत. दारांतून येणाऱ्याच्या नजरेस प्रथम पडते ती. तीवर आजोबांच्या वेळचें रविवर्म्याच्या छापखान्यांतील सरस्वतीचें चित्र लावावयाचें माझ्या मनांत होतें. हा छापखाना रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस काढला आणि पुढें तो मळवलीस गेला. देवादिकांचीं हीं रंगीत चित्रें त्यांतूनच घरोघर पोंचलीं. सरस्वती आतां आमच्या निजण्याच्या खोलींत, डोळ्यांच्या उंचीवर, पांच फुटांवर बसली. पूर्वींसारखी छताला टेकलेली नाहीं, त्यामुळें तिच्या वीणेच्या तारा साठ वर्षांत प्रथमच मला मोजतां आल्या.

सूनबाईनें त्या भिंतीवर एक महिना कांहीं लाविलें नाहीं. दोन महिने झाले, चार झाले. मीं विचारलें नाहीं. सौभाग्यवतींनीं विचारूं दिलें नसतें. सज्जा पूर्वेस आहे आणि त्यांत तुळशीची कुंडी. सकाळीं ऊन सज्जांतून येऊन समोरच्या त्या भिंतीवर पडतें आणि तुळशीच्या मंजिऱ्या तिच्यावर हालतात. एरवीं त्या वेळीं सूनबाई कामाच्या वाटेवर असते. रविवारीं तेवढी ती चहाचा पेला घेऊन समोर जमिनीवर बसते. एका रविवारीं चिरंजीवांनीं तिला, “तुझ्या भिंतीचें काय ठरलें?” म्हणून विचारलें. ती म्हणाली, “राहूं द्या. हीच बरी.”

त्या भिंतीवर खिळा मारण्याची मनाई नातीसहि होती. परंतु पेन्सिलीची परवानगी तिनें आईकडून मिळविली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं साडेसातास उन्हाची कड जेथें पोंचते तेथें ती बारीक रेघ ओढते आणि तारीख घालते. डिसेंबरची रेघ उजव्या हातास, म्हणजे उत्तरेकडे आहे. पुढील प्रत्येक रेघ डावीकडे सरकत चालली आहे. सूर्य उत्तरेकडे सरकतो तर ऊन दक्षिणेकडे कां सरकतें, हा प्रश्न तिनें मला विचारला. उत्तरायण हा शब्द मीं वर्गांतील मुलांस अनेक वर्षें शिकविला, परंतु तो इतका स्पष्ट दाखवितां येईल अशी भिंत मला शाळेंत मिळाली नव्हती.

खर्च सांगावयाचा राहिला. रंग, ब्रश आणि छतापुरती रंगाऱ्याची मजुरी ११,४००, दिवे ३,२००, फळ्या बसविणें, कंस आणि सुतार १४,५००, पडद्यांच्या दांड्या, अस्तर व शिलाई ६,३००, कपाटाचें पॉलिश २,६००, चित्रांच्या चौकटी १,९००, कुंड्या ७००, आणि जमिनीवर घालावयाच्या, दिवसा गुंडाळतां येणाऱ्या दोन नव्या गाद्या १४,०००. एकूण ५४,६००. सर्वांत अधिक पैसे सुताराकडे गेले, आणि तेच सर्वांत चांगले गेले. साठांतून ५,४०० रुपये उरले आहेत.

त्या उरलेल्या पैशांवर माझा डोळा आहे. वाड्यांतील झोपाळ्याच्या पितळी कड्या मीं सोडवून आणल्या आहेत. बैठकीच्या खोलींत तो टांगावा अशी माझी फार इच्छा. छताच्या स्लॅबमध्यें हुक नाहींत. भोंकें पाडण्यापूर्वीं इमारतीच्या अभियंत्यास विचारावें लागेल, असें चिरंजीवांचें मत. परंतु खरी अडचण ती नव्हे. सूनबाईनें माझेंच गणित मला ऐकविलें : झोपाळ्यास फळीपुरती नव्हे, झोक्यापुरती जागा लागते, पांच फूट रुंद आणि सहा फूट पुढें-मागें धरलें तर तीस चौरस फूट, म्हणजे दोन लाख सत्तर हजार रुपये. “भाडें कोण देणार, बाबा?” मीं वात्स्यायनाच्या झोक्याचा आधार दिला. “त्यानें तो बागेंत टांगला होता,” ती म्हणाली. अध्याय तिनें मधल्या काळांत वाचून काढला होता, हें मला त्या दिवशीं समजलें.

कड्या घांसून ठेवल्या आहेत. नातीचा कौल माझ्या बाजूस आहे, आणि सौभाग्यवती अद्याप कांहीं बोललेल्या नाहींत.